वादळाचा धडा

चित्रलेखाबाई साठीच्या घरात आल्यावर इंग्रजी शिकायला बसल्या, आणि त्याला कारण त्यांचा धाकटा मुलगा. बाईंचं सगळं शिक्षण चिंचवडच्या मराठी शाळेत झालेलं. इंग्रजी अक्षरं त्यांना लावता यायची, औषधांची नावं आणि दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या, पण कोणी इंग्रजीत बोलायला लागलं की सगळं डोक्यावरून जायचं. थोरला हृषीकेश सिडनीतल्या वेस्टमीडच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघायचा आणि त्याची बायको सुरुची तिथेच लॅबमध्ये होती. धाकटा निनाद सिडनीच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या वॉलॉंगॉंगला मास्टर्स संपवत आला होता. त्या वर्षांत सिडनीला उतरणाऱ्या प्रत्येक विमानात प्रेशर कुकर आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळत आलेली आपली पोरं असायची, त्यातलाच हाही एक. जुलैत त्याचा पदवीदान समारंभ होता. बाई त्यासाठीच आल्या होत्या.

"आई, माझ्या प्रोफेसरांशी तू स्वतः बोलायचंस," निनादने पहिल्याच रविवारी फर्मान काढलं. "मी मध्ये ट्रान्सलेट करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"अरे, मी काय बोलणार?"

"काहीही बोल. मी लहानपणी किती त्रास दिला ते सांग."

मग सुरुचीने त्यांना स्टेशनपलीकडच्या लायब्ररीतल्या फुकट वर्गात घातलं. दर मंगळवारी सकाळी कॉलीन नावाची एक निवृत्त शाळामास्तरीण तो वर्ग घ्यायची. व्याकरणाच्या वाटेला ती जायचीच नाही. आठवड्याची एखादी ताजी बातमी कापून आणायची, सगळ्यांना वाटायची आणि तिच्यातले शब्द शिकवायची. एकदा कचऱ्याच्या डब्यांची बातमी, एकदा केळी महागल्याची. घरी आल्यावर चित्रलेखाबाई ते शब्द मिळेल तिथे वापरून टाकायच्या. "सुरुची, आज कोथिंबीर अगदी रीझनेबल होती हं." रविवारी निनाद आला की त्याच्याशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं असा नियम होता. चुकलं की तो पोट धरून हसायचा, आणि मग बाई त्याला पाठीत धपाटा घालायच्या.

निनाद दर रविवारी ट्रेनने यायचा तो रिकामे स्टीलचे डबे घेऊन आणि भरलेले घेऊन जायचा. बाईंनी त्याच्यासाठी मोहरीच्या रंगाचा एक जाड स्वेटर विणून आणला होता. तो त्याने नेला खरा, पण अंगात घालायचं नाव नाही. "आई, इथे लोक थंडीत हाफ पँटवर फिरतात. मी हा घातला तर दोस्त लोक मला आजोबा म्हणतील." बाईंना भर जूनमध्ये थंडी हा प्रकारच पटत नव्हता. घराबाहेर पडताना त्या कानाला मफलर गुंडाळायच्या आणि फोनवर रोज विचारायच्या, स्वेटर घातलास का? घातला, घातला, म्हणायचा तो. खोटंच.

जूनच्या एका शुक्रवारी किनाऱ्यावर वादळ आलं. तिथे त्याला ईस्ट कोस्ट लो म्हणतात. हिवाळ्यात कधीतरी समुद्रावर तयार होतं आणि मग सगळ्या किनाऱ्याला झोडपून काढतं. वेस्टमीडला नुसता वारा आणि पाऊस होता, पण वॉलॉंगॉंगकडे लाटा घरांएवढ्या उठत होत्या. आणि लाटा बघायला जायची दुर्बुद्धी पोरांनाच होते. निनाद आणि त्याच्याबरोबर राहणारा हैदराबादचा श्रीनिवास, दोघं दुपारी युनिव्हर्सिटीतून सुटल्यावर पोर्ट केंब्लाच्या बाजूला समुद्रात बांधलेल्या दगडी बांधावर गेले. श्रीनिवास कॅमेरा आणायला गाडीपर्यंत परत आला. वळून बघतो तर बांधावर कोणी नव्हतं.

पोलिसांचा फोन हृषीकेशला ऑफिसात आला. तो तिथूनच परस्पर गाडी घेऊन गेला, आणि सुरुचीला त्याने रस्त्यातून कळवलं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याचे बूट चिखलाने भरले होते आणि आवाज बसला होता. आई आत देवापाशी होती. त्याने सुरुचीला बाल्कनीत ओढलं.

"आईला नाही सांगायचं."

"अरे, पण..."

"काय सांगू? गेला म्हणून सांगू? कोणी बघितलंय? हेलिकॉप्टर आहे, बोटी आहेत, शोधतायत. सापडेपर्यंत तिला कळता कामा नये. तिचं बीपी माहितीये ना तुला?"

सुरुचीने शब्द दिला. म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सोसत नाही, ही आपल्या लोकांची एक मोठी समजूत. वास्तविक सोसत नाही ते सांगणाऱ्याला. आणि हे हृषीकेशइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याचे वडील गेले तेव्हा त्याला प्रल्हादमामाचा फोन आला होता, बाबा सीरियस आहेत, निघून ये. तो मिळेल त्या विमानाने निघाला. सिंगापूरला विमान बदलताना त्याने बाबांसाठी घरी बीपी मोजायचं मशीन घेतलं. मुंबईला उतरला, मामाने त्याला मिठी मारली, आणि हातातल्या त्या मशीनच्या पिशवीसकट तो तिथेच मटकन खाली बसला. बाबा फोनच्या आधीच गेले होते. पुढे कितीतरी दिवस तो आईवर धुमसत होता. "सगळा प्रवास मी वेड्यासारखा डॉक्टरांची नावं आठवत बसलो होतो. पुन्हा माझ्याशी असं वागू नका." आज त्याच हृषीकेशने तोंडाला कुलूप लावलं, आणि सुरुचीच्याही लावलं.

रविवारी निनाद आला नाही. पाण्यामुळे ट्रेन बंद आहेत असं बाईंना सांगितलं, आणि ते खरंच होतं. फोन का लागत नाही? वादळात टॉवर पडलेत. सोमवारी सकाळी हृषीकेश पुन्हा निघाला. वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात आमचं काम निघालंय, आठवडाभर जावं लागेल, असं त्याने आईला सांगितलं.

"अरे वा, बरं झालं. मग निनादचा डबा घेऊन जा," म्हणून बाईंनी भराभर मेथीचे पराठे केले, वर लसणाची चटणी दिली. हृषीकेशला तो डबा घ्यावा लागला. संध्याकाळी आला तो रिकामा डबा घेऊन. सुरुचीने स्वयंपाकघरात नजरेनेच विचारलं. "टाकवेना," तो हळूच म्हणाला. "गाडीत बसून मीच खाल्ला." मग सिंकचा नळ सोडून बराच वेळ तोंडावर पाणी मारत उभा राहिला.

त्या घरात दोघांची एक सवय होती, आणि ती परदेशातल्या निम्म्या मराठी घरांत असेल. आईला कळू द्यायचं नसलं की इंग्रजीत बोलायचं. बोलायचं तेही झरझर, तिथल्यासारखं अर्धे शब्द गिळून. व्हिसाच्या कटकटी, डॉक्टरांची बिलं, कोणाच्या घटस्फोटाच्या बातम्या, सगळं आईच्या पानात वाढता वाढता तिच्या डोक्यावरून जायचं. तीही बिचारी निमूट जेवायची. सोमवारी रात्रीच्या जेवणाला आमटी वाढून घेताना हृषीकेश ताटाकडे बघत म्हणाला, "दे हॅव कॉल्ड इट ऑफ." सुरुचीच्या हातातली पळी थांबली. "समुद्र शांत झाल्यावर बघू म्हणाले," हेही त्याने इंग्रजीतच सांगितलं. बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मंगळवारी सुरुचीच्या डोक्यातून वर्ग पार निघून गेला होता. दुपारी ती लॅबमधून लवकर आली तर चित्रलेखाबाई जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून बसलेल्या, पुढे कॉलीनने दिलेलं बातमीचं कात्रण. फोटोत उधळलेला समुद्र.

"आज वादळाची बातमी होती," बाई म्हणाल्या. "खूप शब्द झाले. गेल म्हणजे सोसाट्याचा वारा. स्वेल म्हणजे समुद्र फुगतो ना, ते. आपल्या निनादच्या गावची बातमी आहे बघ. एक विद्यार्थी पाण्यात गेला म्हणे. इंडियन."

नाव छापलेलं नव्हतं. सुरुचीने एका दृष्टिक्षेपात बघून घेतलं आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"एक शब्द जरा विसरल्यासारखा झालाय," बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. "द सर्च वॉज कॉल्ड ऑफ. हे कॉल्ड ऑफ म्हणजे काय गं?"

खरं बोलायची वेळ म्हणतात ती हीच होती. सुरुची काही वाईट बाई नव्हती. सासूशी तिचं गोत्र जमलेलं होतं, खोटं बोलून कधी काही साधायचा प्रसंग आला नव्हता. पण हृषीकेशला दिलेला शब्द होता, समोर त्या बाईंचा चष्म्यातून वर बघणारा चेहरा होता, आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"कॉल्ड ऑफ म्हणजे... काम झालं म्हणून बंद केलं, असं. शोध संपला. सापडला असणार तो मुलगा."

चित्रलेखाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"बरं झालं मग," त्या म्हणाल्या, आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.

त्या दिवसापासून बाईंनी निनादचं नाव काढलं नाही. फोन का लागत नाही विचारलं नाही, ट्रेन सुरू झाल्या का विचारलं नाही. सुरुचीला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटायला लागली. बाई नेहमीसारख्या पहाटे उठायच्या, देवापुढे बसायच्या, पण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. हृषीकेशसाठी रोज डबा मात्र करायच्या. बुधवारी तो दारात बूट घालत होता तेव्हा त्याच्या हातात डबा देऊन म्हणाल्या, "निनाद नाही भेटला तर तू खा. उपाशी फिरू नकोस." हृषीकेश "बरं" म्हणाला. फिरू नकोस, असं आई का म्हणाली हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. सुरुचीच्या आलं, पण तिने ते मनातून ढकलून दिलं.

तो रोज जात होता. पोलिसांनी थांबवलेला शोध तो एकटा, कधी श्रीनिवासला घेऊन, किनाऱ्याकिनाऱ्याने पायी करत होता. श्रीनिवास एकदा सुरुचीशी फोनवर बोलला आणि बोलता बोलता हुंदके द्यायला लागला. "भाभी, मैं कैमरा लेने नहीं जाता तो..." तिने त्याची समजूत घातली. स्वतःची कोण घालणार होतं? निनाद तिला वहिनी म्हणायचा आणि आईची तक्रार आईच्या देखत तिच्याकडे करायचा. तिला सख्खा भाऊ नव्हता. पण घरात रडायची सोय नव्हती, म्हणून ती लॅबच्या फ्रीझर रूममध्ये जाऊन रडून यायची.

पुढच्या मंगळवारी सकाळी हृषीकेशचा फोन आला. एकच शब्द बोलला तो. "सापडला." पुष्कळ दक्षिणेला, एका छोट्या खाडीत. ओळख पटवून झाली होती, बाकीचं आटपून तो संध्याकाळपर्यंत येणार होता. "आज सांगावं लागेल," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सुरुचीला लॅबमध्ये थांबवेना. आईंना वर्गातून घरी आणू, निदान आज त्या एकट्या चालत येऊ नयेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. लायब्ररीच्या मागच्या खोलीचं दार काचेचं होतं आणि अर्धवट उघडं होतं. आत गोल करून बसलेले ते सगळे: एक चिनी आजोबा, दोन लेबनीज बहिणी, कोपऱ्यात मफलर गुंडाळलेल्या चित्रलेखाबाई. मागच्या आठवड्याच्या शब्दांची उजळणी चालली होती. ज्याला जो शब्द आठवेल तो घालून त्याने एक वाक्य बोलायचं. आजोबांनी वाऱ्याचं काहीतरी वाक्य केलं, सगळे हसले. मग कॉलीनने बाईंकडे हात केला.

चित्रलेखाबाई उठून उभ्या राहिल्या. शाळेत उत्तर देताना उभं राहायची त्यांची सवय सुटली नव्हती.

"दे कॉल्ड ऑफ द सर्च," त्या एकेक शब्द ठेवत म्हणाल्या. "बट माय एल्डर सन इज स्टिल सर्चिंग."

"ब्यूटिफुल, चित्रा! व्हेरी गुड..." असं म्हणता म्हणता कॉलीन थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. बाई खाली बसल्या आणि त्यांची नजर दाराकडे गेली. काचेपलीकडे सुरुची भिंतीला धरून उभी होती.

बाहेर लायब्ररीच्या आवारात एक बाक होता. ऊन पडलं होतं, पण ऊब नव्हती. दोघी बसल्या.

"सापडला का?" बाईंनीच विचारलं.

सुरुचीने मानेनेच हो म्हटलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या मंगळवारी."

"वर्गात?"

"नाही गं. वर्गात कॉलीनने त्या शब्दाचा अर्थ नीट सांगितला होता, हात हलवून हलवून. शोध थांबवला, माणूस मिळाला नाही. मला तो शब्द आदल्या रात्री ऐकल्यासारखा वाटत होता. हृषीकेश बोलला होता ना, आमटी वाढून घेताना. पण म्हटलं असेल दुसऱ्या कशाबद्दल. त्यांच्या ऑफिसात हजार कामं थांबत असतील. म्हणून घरी येऊन तुला विचारलं." बाईंनी तिच्याकडे बघितलं. "तू खरा अर्थ सांगितला असतास ना, तर मी म्हटलं असतं, कोणाचं तरी पोर गेलं बिचारं. तू खोटा सांगितलास. तू माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीस."

सुरुचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतके दिवस फ्रीझर रूममध्ये लपवलेलं सगळं त्या बाकावर बाहेर आलं. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खरं म्हणजे हे उलटं व्हायला हवं होतं.

"चुकलं माझं, आई. पण तुम्ही बोलला का नाही? एकट्याच आतल्या आत..."

"काय बोलायचं? हृषीकेश कसाबसा उभा होता. मला कळलंय म्हटल्यावर तो बसला असता खाली. आईला माहीत नाही तोवर काही झालेलं नाही, अशा आशेवर चालत होता तो. मग म्हटलं चालू दे." त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "त्याच्या बाबांच्या वेळी प्रल्हादला मीच सांगितलं होतं, पोराला विमानात कळता कामा नये. तिथे त्याला कोण धरणार? केवढा रागावला माझ्यावर! पण मला तेवढा प्रवास आशेचा द्यायचा होता त्याला. आता तो मला देत होता. नाही कसं म्हणू?"

रस्त्यावरून एक रिकामी बस गेली. बाई तिच्याकडे बघत होत्या.

"एक कर," त्या म्हणाल्या. "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याला सांगू दे मला. दहा-अकरा दिवस पोटात धरून बसलाय, त्याला सांगितल्याशिवाय रडता येणार नाही. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकेन."

संध्याकाळी हृषीकेश रिकाम्या हातांनी वर आला. श्रीनिवासने निनादच्या खोलीतलं सगळं सामान बांधून दिलं होतं, ते त्याने गाडीच्या डिकीतच ठेवलं होतं. सुरुची खाली जाऊन बघून आली. डिकीत सगळ्यात वर मोहरीच्या रंगाचा स्वेटर होता, घडी न मोडलेला.

चित्रलेखाबाई सोफ्यावर वाती वळत बसल्या होत्या. हृषीकेश आईच्या पायाशी जमिनीवर बसला. लहानपणी बसायचा तसा. दोनदा त्याने बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सुरुची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाई आता कशा वागतील, त्यांना ते सोंग जमेल का, याची तिला काळजी वाटत होती.

"आई," हृषीकेश म्हणाला, "आई, आपला निनाद गेला गं."

सोंग करायची वेळच आली नाही. आठवडाभर ती गोष्ट बाईंना परक्या भाषेत, एका कात्रणातून आणि एका खोट्या अर्थातून माहीत होती. त्यांच्या भाषेत, त्यांच्या मुलाच्या तोंडून ती त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मांडीवरच्या वाती खाली सांडल्या. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो सुरुचीने आजवर ऐकला नव्हता. हृषीकेशने आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि तो धाय मोकलून रडायला लागला. बाई त्याचे केस घट्ट मुठीत धरून पुढेमागे झुलत राहिल्या. शेजारच्या फ्लॅटमधलं कोणीतरी येऊन दारावर टकटक करून गेलं. कोणी उठलं नाही.

खिडकीबाहेर अंधार पडला तरी दिवा लावायचं भान कोणाला नव्हतं. बऱ्याच वेळाने बाईंचा आवाज आला, अगदी बसलेला.

"पाणी गार असेल ना रे?"

हृषीकेशने मांडीत डोकं आणखी खुपसलं.

"त्याच्या अंगात स्वेटर होता का?"

हृषीकेशने मांडीतून डोकं वर काढलं, अंधारात आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"होता, आई," तो म्हणाला. "तू विणलेलाच होता."

बाईंनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"बरं झालं मग," त्या म्हणाल्या.

ते शब्द सुरुचीने ओळखले, कात्रणाच्या दिवशीचे. खाली वाकून ती जमिनीवर सांडलेल्या वाती एकेक करून उचलायला लागली.